दाराला बांधलेलं मांजर

सूड घ्यायला मला नऊ दिवस लागले आणि एक मांजर लागलं. मांजर आईचं होतं. पिवळट, एक कान फाटलेलं, आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत दहा घरी जेवून झोपायला मात्र आमच्याकडे येणारं. ते कुणाच्या दाराला बांधायचं हे मला ठाऊक होतं. ते बांधायची रीत मात्र मी डोंगरात मका आणि बटाटा पिकवणाऱ्या, सातासमुद्रापलीकडच्या लोकांकडून घेतली.

त्या लोकांना मुइस्का म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियात, आज जिथं बोगोटा शहर आहे त्या थंड पठारावर त्यांची शेतं होती. त्यांची भाषा चिब्चा कुळातली. माझी त्यांच्याशी ओळख एका बिघडलेल्या किटलीमुळे झाली. पंचविशीत मी एका कॉल सेंटरमध्ये होते. तिथं आम्हा आठ जणींना सहा महिन्यांत स्पॅनिश शिकवून फोनवर बसवलं होतं. बोगोटाजवळच्या एका म्हाताऱ्या बाईची किटली पाणी उकळण्याआधीच बंद पडायची, आणि बाई दर आठवड्याला फोन करायची. एकदा तिनं सांगितलं, मी मुइस्का आहे. मी घरी येऊन शोधलं तर जे पान उघडावं तिथं लिहिलेलं, ही जमात नामशेष झाली. पुढच्या फोनला मी तिला तसं सांगितलं. मला वाटलं, तिला वाईट वाटेल. बाई म्हणाली, "मग तुझ्याशी बोलतंय कोण? तू किटलीचं बघ."

त्या बाईमुळे मी सात वर्षं लिहीत राहिले. कॉल सेंटर सुटलं, गिरगावात एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधक म्हणून चिकटले, तरी लिहिणं चालू राहिलं. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त करायच्या, संध्याकाळी गॅलरीत पाट टाकून मोबाईलवर जुनी स्पॅनिश पुस्तकं वाचायची आणि दोनशे पानी वहीत मराठीत उतरवायचं. खाऱ्या पाण्याची मडकी भट्टीवर उकळून मिठाच्या ढेपा कशा करत, राजानंतर मुलगा गादीवर न बसता बहिणीचा मुलगा कसा बसे, मेणाचा साचा करून सोन्याची बोटभर माणसं कशी ओतत आणि ती अंगावर न मिरवता देवासाठी तळ्यात कशी टाकून देत. आई पलीकडे लसूण सोलत बसायची. मध्येच विचारायची, "आज काय केलं तुझ्या त्या लोकांनी?" मी सांगायचे. तिला बहिणीच्या मुलाचं ऐकून फार बरं वाटलं, कारण तिला भाचा होता आणि मुलगा नव्हता.

कापडाचं प्रकरण मी तीनदा लिहिलं. माझे आजोबा गिरणीत सूतकताईच्या खात्यात आयुष्यभर राहिले. मागावर आमच्या माणसांना घेत नसत. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाला लागलेला धागा बाकीच्यांना चालत नसे. आजोबांना विणायचं होतं. ते शेवटपर्यंत कुणाचंही धोतर, चादर बोटांत धरून वीण बघायचे. मुइस्का बायका घरोघरी विणत. त्यांच्या पठारावर कापूस येत नसे. तो त्या खालच्या गरम खोऱ्यातून आणवत, आणि त्यांच्या कापडाला सोन्याइतका मान होता. ते प्रकरण मी आजोबांसाठी लिहिलं आणि कुठेही त्यांचा उल्लेख केला नाही.

पाच वह्या झाल्या तेव्हा मी त्या आमच्या संपादकांना दिल्या. त्यांना सगळे सर म्हणत, मीही म्हणायचे. सर हिंदू कॉलनीत राहायचे. बोलणं गोड, पांढरा कुडता, प्रत्येक मुलीला बाळ म्हणायची सवय. वह्या त्यांनी दोन्ही हातांनी घेतल्या आणि म्हणाले, "नजर टाकतो, बाळ. घाई करू नकोस."

ते दोन वर्षं नजर टाकत होते. मी तीन-चार महिन्यांनी विचारायचे, ते दर वेळी तेच वाक्य म्हणायचे, तितक्याच मायेनं. मीही गाढव, एकही प्रत काढून ठेवली नव्हती. सात वर्षांचं काम मी पिशवीत घालून दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, का, तर ते सर होते. आमच्या घरात शिकलेल्या माणसावर असा विश्वास टाकायची पद्धतच आहे. ती आता माझ्यापुरती बंद झाली.

मग सरांच्या एका पुस्तकाचं प्रकाशन दादरला एका सभागृहात ठरलं. पुस्तक कशावर आहे हे ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. प्रुफं पुण्याला तपासून घेतली म्हणाले. त्या संध्याकाळी खुर्च्या मांडायचं आणि पाहुण्यांना गुच्छ द्यायचं काम माझ्याकडे होतं. पुस्तकांवर चकचकीत कागद गुंडाळून रिबीन बांधली होती, आणि कात्रीचं ताट घेऊन व्यासपीठावर मीच उभी होते. पाहुण्यांनी माझ्या ताटातून कात्री उचलली, रिबीन कापली, कागद खाली पडला. मुखपृष्ठावर तळं, तळ्यात तराफा, वर मुइस्कांचं नाव आणि खाली सरांचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात ताट होतं म्हणून मला वाजवता आल्या नाहीत.

घरी येऊन पुस्तक उघडलं. स्वल्पविरामापर्यंत माझंच होतं. आजोबांसाठी लिहिलेलं प्रकरणही. ऋणनिर्देशात बायकोचे, मित्रांचे, छापखान्याचे आभार, आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ. टंकलेखन: कार्यालयातील एक सहकारी. मला तेव्हा मराठी टंकलेखन येतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, "हे बघ बाळ, विषय इतका लांबचा. तुझ्या नावावर कोण वाचणार? तुमच्या लोकांनी आपल्या अनुभवाचं लिहावं. ते फार सुंदर लिहिता तुम्ही. आत्मकथन वगैरे."

तेव्हा मी फक्त चहाचा कप बाजूला सारला. आता लिहितेय, सर. घ्या, हे आत्मकथन.

वह्या कुठे आहेत विचारलं तर म्हणाले, रद्दीत गेल्या असतील. मी त्याच दिवशी नोकरी सोडली. चाळीखालच्या विहारात दर रविवारी वैर सोडून द्यायला सांगतात. मी ते रविवार चुकवायला लागले. मला सोडायचं नव्हतं. वकिलाकडे गेले तर त्यानं पुरावा मागितला. माझ्याकडे काय होतं? सात वर्षं लसूण सोलत ऐकणारी आई. आई एवढंच म्हणाली, "तू लिवलंस ना? मग तुझं नाव लागलं पायजे. बाकी मला काय कळत नाय." मलाही तेवढंच हवं होतं. पैसा नको, माफी नको, मुखपृष्ठावर माझं नाव. वर्षभरानं जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा फोन आला. पुस्तकाची दुसरी आवृत्ती महिन्याभरात छापायला जाणार होती. एकदा ती छापली की पुस्तक कायमचंच त्यांचं झालं असतं.

मला सातवं प्रकरण त्या रात्रीच्या जेवणात, पहिल्या घासाला आठवलं.

मुइस्कांच्या मुखियाचं एखाद्या घराकडे देणं अडलं, म्हणजे त्या घरानं मुखियाच्या हक्काचं काही देणं टाळलं, तर मुखिया मारामारी करायला माणसं पाठवत नसे. तो स्वतःच्या घरी वाढवलेलं एक जनावर, जंगली मांजर किंवा अस्वलाचं पिल्लू, एका माणसाबरोबर पाठवी. माणूस ते जनावर त्या घराच्या दाराला बांधी आणि शेजारी बसून राही. त्या जनावराला आणि त्या माणसाला रोज खाऊ घालायचं त्या घरानंच. देणं देईपर्यंत. तरीही दिलं नाही तर घरातली चूल विझवायची, आणि देणं फिटेपर्यंत पेटू द्यायची नाही. स्पॅनिश लोकांनी हे चकित होऊन लिहून ठेवलंय. मला त्यात चकित होण्यासारखं काही वाटलं नाही. दारात धरणं धरून बसणारी माणसं आमच्या गिरणगावानं भरपूर पाहिली आहेत.

सोमवारी सकाळी मी मांजराला भाजीच्या पिशवीत घातलं, फक्त डोकं बाहेर, आणि टॅक्सी केली. आईनं टॅक्सीच्या खिडकीतून त्याला बजावलं, "कुणाला बोचकारू नको हां." हिंदू कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर सरांच्या दाराच्या कडीला मी परकराची नाडी बांधली, दुसरं टोक मांजराच्या पट्ट्याला. चटई पसरली. बसले. बेल वाजवली नाही.

सर साडेदहाला बाहेर पडले आणि मांजरावर पाय पडता पडता वाचले. "हे काय?"

"माझं देणं आहे सर तुमच्याकडे. ते घ्यायला आलेय."

"आणि हे मांजर?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मला खरोखर वाटलं होतं की ते ओळखतील. वाचलं तरी असेल, निदान छापायच्या आधी. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. स्वतःच्या नावावर छापलेलं पुस्तक या माणसानं पूर्ण वाचलंही नव्हतं. इतका वेळ मला राग होता, त्या क्षणी मला आनंद झाला. अगदी उकळ्या फुटल्या.

"मांजर सोबतीला आणलंय," मी म्हणाले.

त्यांनी वॉचमनला बोलावलं. वॉचमन वर आला, म्हणाला, बाई जिना अडवत नाहीत, आवाज करत नाहीत, काय करू? पोलिसांचं नाव निघालं. मी म्हणाले, बोलवा, त्यांनाही सांगते कशासाठी बसलेय. पोलिसांचं नाव पुन्हा निघालं नाही. दुपारी दार किलकिलं झालं आणि सरांच्या पत्नी बाहेर आल्या. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला. या काकूंना मी प्रकाशनाच्या दिवशी गुच्छ दिला होता. त्यांनी एका वाटीत दूधपोळी कुस्करून मांजरापुढे ठेवली आणि माझ्यापुढे ताट. वरण-भात, लिंबू, कोबीची भाजी. ताट ठेवून आत गेल्या. मला वाटलं, भल्या बाई आहेत, दया आली असेल.

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या बाई वर आल्या. त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि कॉलनीत त्यांना सगळे वचकून असत. त्यांनी चटई बघितली, नाडी बघितली, मांजर बघितलं आणि टाळी वाजवली. सर तेवढ्यात दारात आले होते.

"अहो, हे तुमच्या पुस्तकातलं की! प्रात्यक्षिक ठेवलंय का?"

"कुठलं... हो. म्हणजे तसंच काहीसं," सर म्हणाले.

मी बसल्या जागेवरून विचारलं, "सर, सांगा ना बाईंना. पुढे काय होतं त्यात?"

सर खाकरले. म्हणाले, "ते... प्रतीकात्मक असतं. मांजर हे तिकडे शुभ मानतात."

मुख्याध्यापिका बाईंची दुसरी टाळी हवेतच थांबली. चाळीस वर्षं मुलांची उत्तरं ऐकलेल्या त्या. अभ्यास न करता आलेलं पोर त्यांना दारातून कळत असणार.

"शुभ?" त्या म्हणाल्या. "पान एकशे चौदा वाचा परत."

आणि मग आतून, स्वयंपाकघरातून, सरांच्या पत्नीचा आवाज आला. "ज्याचं देणं थकलंय त्यानं मांजराला आणि माणसाला जेवू घालायचं, बाई. म्हणून तर मी घालतेय."

मी चटईवर ताठ बसले. म्हणजे ती दया नव्हती. काकूंनी सातवं प्रकरण वाचलं होतं, आणि पहिल्या दिवसापासून त्या रीतच पाळत होत्या. मुख्याध्यापिका बाई एकदा काकूंच्या आवाजाच्या दिशेनं, एकदा सरांकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "पुस्तक कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. सरांनी दार लावून घेतलं.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जिन्यात वर्दळ वाढली. कॉलनीतली माणसं काहीतरी निमित्त काढून दुसऱ्या मजल्यावरून गच्चीवर जायची. कुणी मला चहा विचारायचं. मी नको म्हणायचे, माझं खाणं या घरावर आहे म्हणायचे, आणि दारामागे कुणी उभं आहे हे मला कळायचं. चौथ्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, मांजराला रोज टॅक्सीतून कशाला नाचवतेस, राहू दे इथे. आईला सांगितलं तर ती आधी रुसली, मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जनावरानं तरी ड्युटी सोडू नये."

सर नमले नाहीत. सहाव्या दिवशी माझ्यासमोर उभं राहून, इंग्रजीत, ते मला अडाणी म्हणाले. सातव्या दिवशी सकाळी घरातून चहाचा वास आला नाही. बारा वाजले, कुकरची शिट्टी नाही. काकू दूध आणि केळी घेऊन बाहेर आल्या, माझ्यापुढे ठेवली आणि तिथंच उंबऱ्यावर टेकल्या.

"आज गॅस पेटवला नाही," त्या म्हणाल्या. "त्यात तसंच आहे ना? मांजरानं भागलं नाही की चूल विझवायची."

"काकू, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तुझ्या वह्या आमच्या पलंगाखाली होत्या. अक्षर तर त्यांचं नाही. त्यांनी रद्दीवाल्याला द्यायला सांगितल्या, मी एकेक उघडून वाचत बसले. कापडाचं प्रकरण वाचून दोनदा रडले." मग एक केळं सोलत म्हणाल्या, "प्रकाशनाला मी पुढच्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवल्या. माझंही देणं आहेच की तुला."

मी त्यांना माफ केलं असं लिहायला हवं. तेव्हा केलं नव्हतं. वर्षभर त्या गप्प होत्या. पण त्यांनी सोललेलं केळं मी खाल्लं.

तीन दिवस त्या घरात चूल पेटली नाही. सर कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खायचे. सत्तरीच्या माणसाचं पित्त खवळायचं ते खवळलंच. मी त्यांना पोट धरून जिना चढताना बघायचे आणि मनातल्या मनात सांगायचे, सर, हा बटाटासुद्धा त्याच डोंगरांतला. त्या लोकांशिवाय तुम्हाला वडासुद्धा मिळाला नसता. मला मजा वाटत होती, हे मी लपवणार नाही.

नवव्या दिवशी काकूंनी माझ्या पाचही वह्या आणून उंबऱ्यावर रचल्या. वर कोरा कागद आणि पेन ठेवलं. सर दारात आले. त्यांचा कुडता चुरगळलेला होता. त्यांनी मला विचारलं, "काय लिहू?"

"बाळ म्हणू नका, आणि खरं लिहा."

त्यांनी प्रकाशकाला चार ओळींचं पत्र लिहिलं. पुस्तक माझं आहे आणि नव्या आवृत्तीवर माझंच नाव असावं. त्यांनी सही केली. आत गॅस पेटल्याचा आवाज आला. मी नाडी सोडली, पण मांजर तोवर आत जाऊन काकूंच्या पायांशी बसलं होतं. ते राहिलं तिथंच.

नवी आवृत्ती आली, तोवर सर निवृत्त झाले होते. आईला धड वाचता येत नाही, माझं नाव मात्र ती ओळखते. तिनं त्या अक्षरांवर बोट फिरवलं आणि पुस्तक आजोबांच्या फोटोखाली उभं केलं. गोष्ट इथं संपली असती तर मी चांगली बाई ठरले असते. पण ऋणनिर्देश लिहायचं काम प्रकाशकांनी माझ्यावर सोपवलं होतं. मी आईचे आभार मानले, किटलीवाल्या बाईचे मानले, काकूंचे मानले. आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ टाकली. टंकलेखन: एक निवृत्त संपादक.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळी सर आमच्या चाळीत आले. मजले चढून दमले होते. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीतून फाटका कान बाहेर. त्यांनी मांजर बाहेर काढलं, खिशातून सुतळी काढली, आणि आमच्या दाराच्या कडीला बांधायला लागले. गाठ बसेना. सगळी गॅलरी बघत होती.

"सर, काय हे?"

"मला टंकलेखन येत नाही," ते म्हणाले. "ती ओळ काढायची. माझं नाव, काय असेल ते, नीट लिहायचं. तोवर मी इथून हलणार नाही. मी वाचलंय आता सातवं प्रकरण."

आईनं खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, पोहे आणते म्हणाली. मांजरानं सुतळीतून मान काढून घेतली, उंबरा ओलांडला आणि माळ्याखालच्या आपल्या जुन्या गोणपाटावर जाऊन अंगाचं वेटोळं केलं. सर सुतळी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"सर, जनावर मागणाऱ्याच्या घरी वाढलेलं लागतं," मी म्हणाले. "हे आमच्या घरचं आहे. पान एकशे चौदा, वरून तिसरी ओळ."

त्यांनी पुस्तक उघडलं, पान शोधलं, वाचलं. मग ते मिटून मांडीवर ठेवलं. आत आई फोडणीत बटाटा परतत होती. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "मग ती ओळ?"

मी त्यांच्या हातातून पुस्तक घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं.

"नजर टाकते, सर. घाई करू नका."